‘गंमतशीर आहेत’, एवढंच मी म्हणालो

ताई,

मी २९ वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचतोय, पण बॅटमॅन-सुपरमॅनमध्ये माझा जीव कधी रमला नाही. मला आवडतात ते मागच्या रांगेतले. दगड होणारा स्टोन बॉय, काय वाट्टेल ते खाऊन पचवणारा मॅटर-ईटर लॅड, कमरेच्या पट्ट्यात मधमाशी बाळगणारा रेड बी. मित्र म्हणतात, ‘तू हे मुद्दाम करतोस. दुसऱ्या कोणाला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, एवढीच तुझी हौस.’ इतके दिवस मी ते हसण्यावारी नेत होतो. पण मध्यंतरी दोन गोष्टी घडल्या. माझं लग्न ठरलंय. होणाऱ्या बायकोने माझं कॉमिक्सचं कपाट पाहिलं, एक अंक काढला आणि मनापासून विचारलं, ‘तुला काय आवडतं यांच्यात?’ मी म्हणालो, ‘काही नाही गं, गंमतशीर आहेत.’ तिने अंक परत ठेवून दिला. भर रस्त्यात जुना मित्र समोर आला आणि मी ओळख न दाखवता पुढे गेलो, असं मला वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे, माझं सगळ्यात लाडकं पात्र (नाव लिहीत नाही) सिनेमात येणार अशी बातमी आली. सगळ्यांनी मला अभिनंदनाचे मेसेज पाठवले. मला मात्र दोन दिवस कशातच गोडी वाटली नाही. म्हणजे मित्र खरंच बोलतात का? मला ही पात्रं आवडतात, की ती एकट्या माझी आहेत हे आवडतं?

— मागच्या रांगेतला

प्रिय मागच्या रांगेतल्या,

तुझ्या पत्रात माझी नजर आधी गेली ती कंसातल्या तीन शब्दांवर. ‘नाव लिहीत नाही.’ त्याबद्दल नंतर बोलू. आधी ‘गंमतशीर’ हा शब्द घेऊ, कारण तुला खरं टोचतंय ते तिथे, असं मला वाटतं.

स्टोन बॉयचं नाव तूच घेतलंस, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’चा ३०६ वा अंक, मार्च १९६३. लेखन एडमंड हॅमिल्टन यांचं, चित्रं जॉन फोर्टे यांची. तिसाव्या शतकात किशोरवयीन सुपरहिरोंची एक मोठी टीम आहे, लिजन ऑफ सुपर-हिरोज. तिच्यात शिरायचं तर सगळ्यांसमोर आपली शक्ती दाखवायची आणि निकालाची वाट बघायची. पाच जण येतात. पोलर बॉय थंडी पसरवतो, पण ती त्याच्या आटोक्यात राहत नाही. नाइट गर्लच्या अंगात प्रचंड ताकद आहे, पण फक्त अंधारात. ऊन लागलं की ती इतर कोणाही मुलीसारखी. फायर लॅडच्या तोंडातून आग निघते. क्लोरोफिल किड झाडं भराभर वाढवतो. आणि स्टोन बॉय दगड होतो, पण एकदा दगड झाला की त्याला हलताच येत नाही.

पाचही जणांना नकार मिळतो. जाताना प्रत्येकाच्या हातात समजुतीखातर हवेत उडवणारा एक पट्टा ठेवतात. तो पट्टा मी विसरू शकत नाही. ज्याने कोणी कधी नकार ऐकलाय, त्याने तो पट्टा कधी ना कधी हातात घेतलेला आहे.

इतर कुठल्याही मालिकेत ही पोरं इथेच संपली असती. तीन-चार चौकटींचा विनोद, पान उलटलं, विषय मिटला. पण हॅमिल्टन त्यांच्या मागोमाग दाराबाहेर जातात. ही पाच जणं घरी जात नाहीत. आपण राखीव टीम व्हायचं, लिजन दुसरीकडे अडकली तर आपण धावायचं, असं ठरवतात. त्यांना कोणी बोलावलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही. सुरुवातीच्या मोहिमा फसतात. मग एकदा लिजन शत्रूच्या फसव्या रॉकेटांमागे गुंतलेली असताना पृथ्वीवर वनस्पती-मानवांचं आक्रमण येतं, आणि नाकारलेली ही पोरं पृथ्वी वाचवतात. पुढे काय करतात? गप्प राहतात. लिजनला कळूही न देता तिला मदत करत राहतात.

आता सांग, यात गंमतशीर काय आहे? दगड होणारा मुलगा चित्रात बघून हसू येतं, हे खरं. येऊ दे. पण तू हसण्यासाठी तो अंक पुन्हा पुन्हा काढत नाहीस. सुपरमॅन पृथ्वी वाचवतो तेव्हा त्याच्या हातून तेच घडणार हे आपल्याला ठाऊक असतं, तेवढी ताकद त्याच्यात आहेच. स्टोन बॉय पुढे येतो तेव्हा त्याच्यापाशी काहीच पुरेसं नसतं. त्याचं येणं हा सगळा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. मला वाटतं, तू जे वाचतोस ते हे. शक्ती अपुरी पडते तिथे तो मुलगा दिसायला लागतो. मोठ्या हिरोंच्या गोष्टीत तो दिसायला कधीकधी दोनशे अंक थांबावं लागतं.

मा हंकेलचं उदाहरण घे. शेल्डन मेयर यांच्या विनोदी मालिकेतली ही एक आडदांड, मध्यमवयीन, किराणा दुकान चालवणारी आई. गुंडांनी मुलं पळवली म्हणून ती १९४० मध्ये लाल लांब अंतर्वस्त्रं चढवते, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं स्वयंपाकाचं पातेलं डोक्यावर घालते आणि रेड टॉर्नॅडो म्हणून बाहेर पडते. शक्ती काहीही नाही. त्याच सुमारास ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात सुपरहिरोंची पहिली टीम, जस्टिस सोसायटी, पहिल्यांदा एका टेबलाभोवती जमते. त्या ऐतिहासिक बैठकीत ही बाई येऊन जाते, आणि लगेच का निघून जाते माहीत आहे? तिची विजार फाटते म्हणून. विनोद म्हणूनच लिहिलेला प्रसंग आहे तो. पण त्या टेबलाशी बसलेल्या कोणाहीपेक्षा मला तीच जवळची वाटते, कारण आपली पोरं कुठे आहेत एवढाच तिचा प्रश्न होता आणि घरात जे सापडलं ते डोक्यावर घालून ती निघाली.

आणि मॅटर-ईटर लॅड. टेंझिल केम. १९६२ मध्ये जेरी सीगल आणि जॉन फोर्टे यांनी त्याला आणलं. सीगल म्हणजे सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. तोच हात, तीच लेखणी. टेंझिलच्या बिझमॉल ग्रहावर सूक्ष्मजंतूंमुळे सगळं अन्न खाण्यालायक उरलं नाही, म्हणून तिथली माणसं काहीही पचवायला शिकली. लिजनमध्ये त्याचं काम काय, तर तुरुंगाचे गज खाणं. अनेक वर्षं तो विनोदापुरताच होता. मग १९७९ मध्ये एका संकटात मनातला विचार प्रत्यक्षात आणणारं एक भयंकर यंत्र, मिरॅकल मशीन, नष्ट करायची वेळ येते, आणि ते दुसऱ्या कोणालाही जमणारं नसतं. टेंझिल ते खातो. सगळे वाचतात, त्याला वेड लागतं. पुढे तो बरा होतो, पण त्या अंकानंतर ‘हा पोरगा काहीही खातो’ या वाक्यावर मला पूर्वीसारखं हसता आलेलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घे. असं काही सुपरमॅनच्या बाबतीत करायला लेखकाला किती जणांची परवानगी लागेल! करोडो लोकांच्या ओळखीचं पात्र पुढच्या महिन्यात जिथल्या तिथे परत यावं लागतं. छोट्या पात्राला ती सक्ती नसते. त्याला वेड लागू शकतं, तो म्हातारा होऊ शकतो, मरू शकतो. लिजनमधल्याच बाउन्सिंग बॉयला बघ. सरबत समजून चुकून प्लास्टिकचं रसायन प्यायला आणि चेंडूसारखा फुगायला लागला, एवढीच त्याची कथा. पण १९७४ मध्ये त्याचं ड्युओ डॅमसेलशी लग्न झालं आणि विवाहितांनी टीम सोडायची या नियमाप्रमाणे दोघं बाहेर पडली. एका जाड्या, साध्या मुलाचं आयुष्य खरोखर पुढे सरकलं. त्याच पानांवर वावरणाऱ्या सुपरबॉयचं, म्हणजे किशोरवयातल्या सुपरमॅनचं, सगळं भविष्य मात्र आधीच ठरलेलं होतं. तुझ्या रेड बीचंही बाउन्सिंग बॉयसारखंच. १९४० मध्ये तो आला तेव्हा रिक रॅले नावाचा सरकारी वकील होता आणि पट्ट्यातल्या लाडक्या मधमाशीचं नाव मायकल होतं. मधमाशीला मायकल म्हणणाऱ्या लेखकाबद्दल मला आजही माया वाटते. चव्वेचाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, दुसऱ्याच लेखकाने त्याला एका लढाईत मरू दिलं, आणि तो मेलाच. वाचताना पोटात गोळा येतो तो यामुळे. इथे खरंच काहीतरी गमावलं जाऊ शकतं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते डग रॅमझीबद्दल. तुझ्या पत्रात त्याचं नाव नाही, तरी तुझ्या कपाटात तो असणारच. त्याचं सुपरहिरो म्हणून नाव सायफर. १९८४ मध्ये ‘न्यू म्युटंट्स’ या, जन्मतःच शक्ती असलेल्या (म्युटंट) मुलांच्या मालिकेत आला. आजूबाजूला कोणी तोफगोळ्यासारखं उडतंय, कोणी लांडगी होतंय, आणि याची शक्ती काय? कुठलीही भाषा समजणं. माणसांची, परग्रहवासीयांची, संगणकाची. मारामारी सुरू झाली की त्याला कुठे उभं करायचं हेच कळत नाही. अनेक वाचकांना तो टीमवरचं ओझं वाटायचा. १९८८ च्या सुरुवातीच्या अंकात आपल्या मैत्रिणीवर, रेनवर, रोखलेल्या गोळीच्या आड तो गेला आणि मेला. भाषा समजणाऱ्या मुलाला गोळी अडवायची कुठलीच शक्ती नव्हती. होतं ते फक्त शरीर.

कॉमिक्समध्ये मेलेले परत येतात तसा डगही कालांतराने परत आला. आणि २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी म्युटंट लोकांचं नवं राष्ट्र उभं केलं ते क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर. बेट सजीव आहे, त्याला मन आहे, पण त्याच्याशी बोलणार कोण? सगळ्या बलाढ्य मंडळींमध्ये ते एकट्या डगला जमलं. त्या राष्ट्राची भाषाही त्यानेच घडवली. ज्याचं टीममध्ये काय काम असं लोक विचारत होते, त्याच्यावाचून पस्तीस वर्षांनी एक अख्खा देश मुका राहिला असता. मी तो भाग वाचला तेव्हा डोळे भरून आले होते. आनंद असा होता, की डगची शक्ती कोणीही वाढवली नाही. तो १९८४ मध्ये जे करू शकत होता तेच २०१९ मध्येही करत होता. बदलला तो त्याला काय विचारायचं हा प्रश्न.

तर तुझ्या होणाऱ्या बायकोने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे. तू ते दिलं नाहीस, कारण त्यासाठी डगबद्दल बोलावं लागलं असतं, आणि बोलताना आवाज कापला असता. ‘गंमतशीर’ म्हणणं सोपं असतं. आपण ज्याच्यावर जीव लावतो त्याला कोणी हसण्याआधी आपणच थोडं हसून घेतो, म्हणजे लागत नाही. मला हे माहीत आहे, कारण मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

आता मित्रांचा आरोप. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे, आणि तू मला खरं विचारलंयस. दुर्मीळ गोष्ट माहीत असण्यात एक सुख असतंच. अंक शोधायचा, मिळाल्यावर तो फक्त आपल्याकडे आहे या जाणिवेने रात्री एकदा काढून बघायचा. त्यात पाप काही नाही. पण ते सुख आणि पात्रावरची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच कपाटात राहत असल्याने त्यांची गल्लत होते. तुला ओळखायचं असेल तर एक करून बघ. तुझ्या आवडत्या दहा पात्रांची नावं मनात आण आणि प्रत्येकाबद्दल तोंडात पहिलं काय येतं ते ऐक. ‘हा फक्त तीनच अंकांत दिसतो’ असं आलं, तर तिथे संग्राहक बोलतोय. ‘याने यंत्र खाल्लं आणि याला वेड लागलं’ असं आलं, तर तिथे वाचक बोलतोय. माझी खात्री आहे की दहापैकी काही पात्रं पहिल्या गटात निघतील. निघू देत. त्यांचे अंक जपून ठेव, त्यांच्यासाठी भांडू मात्र नकोस. उरतील ती तुझी माणसं.

आणि ‘एकट्या माझी’ म्हणतोस, त्याबद्दल एक सांगायचंय. ही पात्रं तुझ्यापर्यंत पोहोचली कशी?

१९४४ मध्ये ‘ब्लेझिंग कॉमिक्स’ नावाचं एक नियतकालिक निघालं. चू हिंग नावाच्या चिनी-अमेरिकन चित्रकाराने त्यात ग्रीन टर्टल नावाचा हिरो काढला. चीनमध्ये जपानी सैन्याशी लढणारा. असं सांगतात की हिंग यांना तो चिनी हवा होता आणि प्रकाशकांना ते नको होतं. खरं-खोटं आज कोण सांगणार, पण अंकात दिसतं ते असं: ग्रीन टर्टल जवळजवळ सतत वाचकाकडे पाठ करून असतो. वळलाच तर मध्ये हात येतो, सावली येते, अंगावरचा झगा येतो. चेहरा धड दिसतच नाही. सोबतचा मुलगा त्याला तू कोण म्हणून विचारतो आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं. पाच अंकांत सगळं आटोपलं. कोणाच्या खिजगणतीतही तो राहिला नव्हता. मग कोणीतरी जुने अंक जपले, कोणीतरी दुसऱ्याला दाखवले, आणि सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, जीन लुएन यांग आणि सॉनी ल्यू यांनी त्याच्यासाठी एक पूर्ण पुस्तक केलं, ज्यात तो उघडपणे चिनी स्थलांतरितांचा मुलगा आहे आणि त्याला चेहरा आहे. मधली ती साखळी एका जागी जरी तुटली असती, कोणी एकाने ‘हा फक्त माझा’ म्हणून अंक कपाटात कायमचा बंद केला असता, तर?

स्क्विरल गर्लचंही तेच. विल मरी आणि स्टीव्ह डिट्को या दोघांची ती निर्मिती; डिट्को म्हणजे स्पायडर-मॅनच्या निर्मात्यांपैकी एक. खारींशी बोलणाऱ्या चौदा वर्षांच्या या मुलीने पहिल्याच गोष्टीत, १९९१ च्या हिवाळी अंकात, डॉक्टर डूम या बलाढ्य खलनायकाला हरवलं. त्यानंतर तिला जवळजवळ कोणी विचारलं नाही. २००५ मध्ये डॅन स्लॉट यांनी तिला ग्रेट लेक्स ॲव्हेंजर्स या दुसऱ्या एका मागच्या रांगेतल्या टीममध्ये आणलं. २०१५ मध्ये रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांनी तिला स्वतःची मालिका दिली, आणि २०१७ मध्ये त्या मालिकेला किशोरांसाठीच्या विभागात आयझनर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. त्यात ती गॅलॅक्टसला, म्हणजे ग्रह गिळणाऱ्या महाकाय देवतेला, मारामारी न करता थांबवते. त्याच्याशी मैत्री करते, त्याला भूक लागलीय हे समजून घेते आणि पृथ्वीऐवजी निर्मनुष्य, कठीण कवचाच्या फळांनी भरलेला एक ग्रह शोधून देते. हा विचार बॅटमॅनच्या गोष्टीत कोणाच्या डोक्यात आला असता?

आणि १९८१ चा तो प्रयोग तुला आठवत असेल, ‘डायल एच फॉर हिरो’. दोन मुलांकडे तबकडी असते. ती फिरवली की थोड्या वेळापुरतं नवीनच सुपरहिरो होता येतं. एवढे हिरो आणायचे कुठून? वाचकांकडून मागवले. शाळकरी मुलांनी पाठवलेली नावं आणि शक्ती कथेत आल्या, त्याच पानावर पाठवणाऱ्याचं नाव छापलं गेलं आणि बक्षीस म्हणून टी-शर्ट मिळाला. बहुतेक हिरो दोन-तीन पानं जगले आणि संपले. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे एक मूल आहे, ज्याने वहीच्या शेवटच्या पानावर तो काढला, पाकिटात घातला आणि महिनोन्‌महिने वाट बघितली. मागच्या रांगेतला हिरो नेहमी कोणाचा तरी असतो, हे मला त्या पानांमुळे अगदी डोळ्यांना दिसलं. तो तुझ्या आधी त्या मुलाचा होता.

ग्रँट मॉरिसन यांनी ‘ॲनिमल मॅन’च्या २५ व्या अंकात, १९९० मध्ये, एक जागा दाखवली आहे: लिंबो. विसरलेली पात्रं तिथे राहतात. छळ नाही, शिक्षा नाही. फक्त काहीच घडत नाही. कोणी तरी आपली गोष्ट पुन्हा लिहील याची वाट बघत ती बसलेली असतात. ॲनिमल मॅन स्वतः १९६५ चा, जवळजवळ तिथेच जाऊन पोहोचलेला. मॉरिसन यांनी त्याला संसार, मुलं, घर दिलं, आणि अखेरीस आपल्या लेखकासमोर उभं केलं. मी तो अंक वाचते तेव्हा मला तुझ्यासारख्या वाचकांचं कपाट दिसतं. कपाट उघडलं की त्यातला कोणी एक लिंबोतून बाहेर येतो, तेवढ्यापुरता का होईना.

म्हणून सिनेमाच्या बातमीने तुला वाईट वाटलं, याचा अर्थ तुझं प्रेम खोटं आहे असा मी लावणार नाही. हळू आवाजात चाललेलं एक जुनं बोलणं होतं, तिथे आता गर्दी येणार. पात्राचा चेहरा एखाद्या नटाचा होईल. चार वाक्यांत त्याची ओळख करून दिली जाईल आणि त्यातली दोन तुला चुकीची वाटतील. हे खरंच काहीतरी गमावणं आहे, त्याचं दुःख कर. पण त्यासोबत हेही वाच.

१९७६ मध्ये बिल मँट्लो आणि कीथ गिफन यांनी पुढे रॉकेट रकून म्हणून ओळखलं गेलेलं एक पात्र आणलं. बंदूक घेतलेला, बोलणारा रकून. १९८५ मध्ये मँट्लो यांनीच त्याची चार अंकांची एक मालिका लिहिली. त्यापलीकडे तो फारसा कोणाच्या लक्षात नव्हता; तुझ्यासारख्यांच्या कपाटांतच होता. १९९२ मध्ये मँट्लो रस्त्यावर स्केटिंग करत असताना एका गाडीने त्यांना धडक दिली आणि मेंदूला गंभीर इजा झाली. तेव्हापासून ते पूर्णवेळ शुश्रूषेत आहेत. २०१४ मध्ये रॉकेट सिनेमाच्या पडद्यावर आला, जगभर पोहोचला, आणि मँट्लो यांच्यासाठी ते राहतात तिथे त्या सिनेमाचा खास खेळ ठेवला गेला. ज्याने ते पात्र कागदावर आणलं त्याने ते पडद्यावर बघितलं. लोक पुन्हा त्यांचं नाव घेऊ लागले.

तुझ्या पात्राचेही लेखक-चित्रकार असतील. त्यांची नावं तुला माहीत असतील, कारण तू पहिल्या पानावरची बारीक अक्षरं वाचणारा माणूस आहेस. सिनेमा आल्यावर लोक तुझ्याकडे येतील, तेव्हा ती नावं त्यांना सांग. हे तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणालाही जमणार नाही. आणि तुझ्या कपाटातल्या अंकातली एकही रेघ सिनेमामुळे बदलत नाही.

मित्रांशी वाद घालू नकोस. त्यांना पटवायची गरज नाही. एखाद्याने खरंच कुतूहलाने विचारलं तर त्याला सायफर दे, पण त्याच्या मरणाचा अंक आधी देऊ नकोस. आधी तो कंटाळवाणा वाटू दे.

उरली तुझी होणारी बायको. तिने अंक परत ठेवला, कारण तू तो तिच्या हातातून काढून घेतलास, ‘काही नाही गं’ म्हणून. तिने विचारलं होतं मनापासून. तिला पुन्हा कपाटाशी घेऊन जा आणि सरळ सांग की त्या दिवशी मी खरं उत्तर दिलं नाही. मग भाषण करू नकोस, अंकांचे क्रमांक सांगू नकोस, कोणत्या साली कोणी काढलं ते तर मुळीच नको. ॲडव्हेंचर ३०६ तिच्या हातात दे आणि शेजारी बस. ती स्टोन बॉयला हसेल, तिला हसू दे, तूही हस. पट्ट्याच्या चौकटीपाशी ती थांबते का बघ. थांबली नाही तरी बिघडत नाही. कदाचित तिला नाइट गर्ल आवडेल, कदाचित पातेलं घातलेली मा हंकेल, कदाचित तुला कधीच न आवडलेला कोणीतरी, ज्याचा अंक तू सगळ्यात खाली ठेवला आहेस. तसं झालं तर तो अंक तिचा.

आता तुझ्या पत्रातले ते तीन शब्द. नाव तू लिहिलं नाहीस, कारण लिहिलं असतं तर ते माझ्याही तोंडी आलं असतं. ते कोण असेल याचा अंदाज मी पत्र वाचल्यापासून बांधते आहे, आणि मला जाणून घ्यायची खूप इच्छा आहे. पण मला नंतर कळव. आधी तिला सांग.

— ताई